तिकटीवरचा पैरा

१९९५ साल. वैशाख महिना. वळीव अजून पडला नव्हता. रानं नांगरून पडली होती आणि गावात लग्नांची गर्दी होती. त्या उन्हाळ्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पुढचे सगळे किस्से तिथून सुरू झाले.

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. गिरणीच्या तुळईवर पीठ बसतं तसे ते बसतात. आपल्याला वाटतं, काही नाही. एक दिवस झाडायला जावं, तर डोक्यावर, डोळ्यांत, नाकात!

माझी पिठाची गिरण होती. कळंब्याच्या पुढं आमचं गाव. गावाच्या मध्ये तीन वाटा मिळतात, ती आमची तिकटी. तिकटीवर माझी गिरण आणि आजूबाजूला पाच दुकानं. तुकामामाचं चहाचं हॉटेल. हसनभाईचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. मल्लाप्पाअण्णांचा किराणा. शकूवहिनींच्या बांगड्या. आणि सदूचं केस कापायचं दुकान. आज त्यातलं एकही नाही. माझी गिरणही नाही.

त्या वेळची चड्डीतली पोरं आता पुण्याला, बंगळूरला नोकरीला आहेत. जत्रेला आली की तिकटीवर उभी राहतात. इथं सायकल मिळायची, इथं अण्णा गूळ द्यायचे, असं आपल्या बायकापोरांना दाखवतात. मग माझ्याकडं बघून हसतात आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगतात. मग तीही हसतात. काय सांगत असतील ते मला माहीत आहे. त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

*

मी चौथी शिकलेला माणूस. पण कुणाचं काही ठेवून घेतलं नाही. कुणी चहा पाजला तर त्याला चहा पाजूनच घरी यायचं. माझ्या दारात येऊन कुणी उपकाराची भाषा केली नव्हती.

ऑपरेशनसाठी कोल्हापूरला दवाखान्यात पडून होतो. पोटाला टाके आणि डोक्याला घोर. लग्नसराईत गिरण बंद म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जाणार आणि तिकडंच राहणार. घरी आलो, तर लांबूनच गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला. फटफट, फटफट!

"कोण चालवतंय?" मी बायकोला विचारलं.

"तिकटीवरच्या सगळ्यांनी मिळून. एकेकानं आपलं दुकान बंद ठिवायचं आन् एक दिस गिरण बघायची."

"आणि तू व्हय म्हणालीस?"

"अवो, पैऱ्यानं केलंय त्यांनी! न्हाय म्हणू काय?"

पैरा म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. तुम्ही माझ्या रानात एक दिवस राबायचं, मी तुमच्या रानात एक दिवस राबून तो फेडायचा. पैशाचा संबंध नाही. पैसे देऊ केले तर समोरचा अपमान समजतो. भांगलणीचा पैरा असतो, बैलांचा असतो. दुकानाचा पैरा मी तोवर ऐकला नव्हता. पाच जणांचे पाच दिवस माझ्या अंगावर बसले, तेही मी बेशुद्ध असताना!

पैऱ्याची एक रीत आहे. आपण होऊन जायचं नाही. ज्याचा आहे त्यानं बोलवायचं. त्यानं बोलावलं की हातातलं टाकून जायचं आणि तो सांगेल ते काम करायचं. का आणि कसं, हे विचारायचं नाही.

मला सुखाची झोप येईना. गावात पाच माणसं मोकळी हिंडत होती आणि त्यातला कुणीही कधीही येऊन म्हणू शकत होता, "दौलू, चल!"

*

गिरण चालवली म्हणजे कशी चालवली, तेही ऐका.

चटणी कुटायचा डंक वेगळा असतो, पिठाची चक्की वेगळी असते. सदूला दोन्ही सारखंच. त्याच्या दिवशी त्यानं सुक्या मिरच्या उचलल्या आणि पिठाच्या चक्कीत ओतल्या. लाल भडक निघाल्या. त्याला वाटलं, आपण काहीतरी भारी केलं. त्याच चक्कीत लगेच निम्म्या गावाचा जोंधळा दळला.

त्या दिवशी निम्म्या गावानं तिखट भाकरी खाल्ली. पोरं रडली. म्हातारी माणसं घागर सोडून उठेनात.

मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन बायका डबे घेऊन उभ्या. मी मनात म्हटलं, आता भांडण.

"गिरणवाले, सदूच्या हातचं पीठ परत कवा मिळंल?"

"का?"

"कोरड्यास, कालवण कायबी करायला लागलं न्हाय की!"

चक्की मलाच साफ करावी लागली. मिरचीचा खकाणा नाकात आणि पोटाला ओले टाके. प्रत्येक शिंकेला जीव वर यायचा. समोरच्या दुकानातून सदू विचारायचा, "जमलं न्हवं मर्दा मला?"

ज्याचा पैरा अंगावर आहे त्याला शिवी कशी द्यायची?

"जमलं," मी म्हणायचो आणि शिंकायचो.

*

पहिलं बोलावणं तुकामामाचं आलं. तुळशीची लग्नं झाली होती. तुकामामाला पुतण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरला जायचं होतं. मामी आत भजी तळणार. मी बाहेर चहा द्यायचा, टेबल पुसायचं, ग्लास विसळायचे.

खांद्यावर फडकं टाकून उभा राहिलो. बातमी गावभर गेली. जे आयुष्यात हॉटेलची पायरी चढले नव्हते तेही चहाला आले!

"दोन हाफ आण रं!"

"टेबल पुस की जरा. माश्या बसाल्यात."

खिडकीला पोरं लोंबकळत होती. "आबा, पाणी! आबा, मला पण पाणी!" एरवी ही पोरं माझ्या गिरणीसमोरून पळत जायची.

दुपारी एक जीप थांबली. चार परके लोक उतरले. पांढऱ्या टोप्या, इस्त्रीचे सदरे. मी म्हटलं, "या पावणं. काय घेणार?"

"चार चहा." त्यातला थोरला माझ्याकडं झुकला. "आन् एक सांग. ह्या गावात दौलतराव गिरणवाले कोण?"

दौलतराव म्हणजे मीच. आमच्या थोरलीला बघायला दुसऱ्या दिवशी पावणे येणार होते. पण मुलगी बघायच्या आधी गावच्या हॉटेलात बसून घराची चौकशी करायची ही आमच्याकडची पद्धत. मीही इतरांच्या बाबतीत तेच केलेलं.

"हायत," मी म्हटलं.

"माणूस कसा हाय?"

खोटं बोलायची सवय नाही. आपल्याच तोंडानं आपली स्तुती करायची लाज. मी म्हटलं, "तऱ्हेवाईक हाय."

"दारू-बिरू?"

"न्हाय."

"भांडकुदळ?"

"फटकळ हाय. पर कुणाचं ठिवून घेत न्हाय."

हॉटेलातले सगळे बशीत तोंड घालून बसलेले. कोपऱ्यात एकाला भज्याचा ठसका लागला, तो बाहेरच पळाला.

"आन् पोरगी?"

"आईवर गेलीया."

"म्हंजे?"

"म्हंजे चांगली हाय."

पावण्यानं उठताना माझ्या हातावर दोन रुपये ठेवले. "खरं बोलणारा दिसतोस. ठेव." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बक्षीस दिलं! तुकामामाच्या गल्ल्यात टाकले आणि मोरीकडं तोंड करून ग्लास विसळत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी कोट घातला, फेटा बांधला आणि घरात बसून राहिलो. पावणे आले. थोरला माझ्याकडं बघतच राहिला. मी जमिनीकडं. चहा आला. त्यानं एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"कालच्या हॉटेलातला बरा हुता," तो म्हणाला.

मुलगी पसंत पडली. तुकामामाचं हॉटेल पुढं रस्ता रुंद केला त्यात गेलं. पण व्याही अजून येतात. चपला काढायच्या आधी दारातून हाळी देतात, "दोन हाफ आण रं!"

*

हसनभाई माझ्यापेक्षा वयानं लहान. मला आबा म्हणायचा. त्याची आई मिरजेला आजारी होती, तिला बघायला जायचं होतं.

"आबा, उद्या दुकान तुमच्याकडं. पोरं येत्यात. सायकल द्यायची, घड्याळ बघायचं, बस्स."

एवढंच काम. गिरणीत डब्यांची रांग लागते तशी मी पोरांची रांग लावली. ढकलाढकली नाही, कालवा नाही. सायकल आडवी पाडली तर कान. सुट्टीचा दिवस असून त्या दुकानात अशी शांतता कधी नव्हती!

दुपारी एक पोरगा रडत आला. ओढ्याकडं कुत्री मागं लागली, म्हणून सायकल तिथंच टाकून तो पळाला होता. मालकाची वस्तू वाटेवर पडली म्हटल्यावर मला जावं लागलं. ओढ्याला गेलो. लाल सायकल करंजाच्या झाडाखाली आडवी पडली होती. धडधाकट.

आता जी गोष्ट बायकोलाही माहीत नव्हती ती सांगतो. मला सायकल चालवायला येत नाही. लहानपणी शिकलो नाही आणि मोठेपणी चारचौघांत पडायची तयारी नव्हती. मी सगळीकडं चालत जातो ते तब्येतीसाठी, असा गावाचा समज होता. मी तो मोडला नव्हता.

सायकल हातात धरून निघालो. पहिल्याच घरापाशी एकानं विचारलं, "आबा, हातात धरून? पंक्चर हाय का?"

"व्हय. पंक्चर."

एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना तेच सांगायला लागलं. तिकटीवर येईपर्यंत मागं पोरांची वरात.

संध्याकाळी हसनभाई आला. पोरं ओरडली, "हसनभाई, आबांची सायकल पंक्चर झाली!"

त्यानं चाक फिरवलं. टायर दाबून बघितला. दगडासारखा घट्ट. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गिरणीकडं बघितलं.

त्यानं सायकल उचलून आत नेली. आतून आवाज आला, फुस्स. मग तो पाण्याची पाटी घेऊन बाहेर आला, ट्यूब पाण्यात धरली आणि पोरांना बुडबुडे दाखवले.

"ह्ये बगा! केवढा खिळा घुसलाय!"

पोरांनी खिळा हातात घेऊन बघितला. सगळ्यांची खात्री पटली. ती गेल्यावर मी म्हटलं, "हसन..."

"आबा, पंक्चरचं पैसं द्या," तो म्हणाला.

दिले. पुढं पोरांच्या घरोघरी सायकली आल्या. हसनभाई शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला लागला. भेटला की अजून विचारतो, "आबा, चाललाय काय?"

*

मल्लाप्पाअण्णांचं घर मूळचं निपाणीकडचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बायकोशी कानडीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. लेक बाळंतपणाला आलेली, तिला आता निपाणीला सासरी पोचवायचं होतं.

"दौलू, काटा तुझ्या हातात देतोय," अण्णा म्हणाले.

मला बरं वाटलं. काट्याचं काम माझ्या रक्तातलं. दिवसभर एक दाणा इकडचा तिकडं होऊ दिला नाही.

सकाळी एका पोरीनं साखर घेतली, पण ती गेली नाही. तशीच उभी. हात पसरलेला.

"काय पायजे?"

"गूळ."

"किती?"

"इकत न्हवं. अण्णा देत्यात हातावर."

"फुकट?"

"व्हय."

"फुकट कुणाला काय मिळत न्हाय. चल."

ती लगेच गेली नाही. हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. मग गेली. दुपारपर्यंत दुकानात पोर नाही. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक नाही. सगळी वरच्या गल्लीतल्या दुकानाला!

अण्णा परत आले, गल्ला बघितला. "माप चुकलं?"

"एकदम बरोबर दिलंय."

"गूळ दिलास?"

"न्हाय."

अण्णा पोत्यावर बसले. "यप्पा! दौलू, सामानाला घरातनं कोण येतंय? पोरं येत्यात. पोरगं जिकडं जाईल तिकडं आईचं सामान." मग म्हणाले, "दिवस भरला, पैरा न्हाय भरला. उद्या गुळाची ढेप घे आणि शाळेच्या फाटकात उभा ऱ्हा."

राहिलो. शाळा सुटली. पोरं मला बघून दुसऱ्या बाजूनं जाऊ लागली. ढेप फोडून हातात खडे घेऊन मी उभा, आणि जवळ कुणी येईना! बोलावलं असतं, पण पोरांना गोड बोलून बोलवायचं कसं ते मला येत नव्हतं.

शेवटी कालचीच पोरगी आली. हात पसरला. मी गूळ ठेवला. तिनं तो निरखून बघितला.

"अण्णा मोठा देत्यात," ती म्हणाली.

*

शकूवहिनींनी बोलावलं तेव्हा मी एकदाच विचारलं, "बांगड्यांच्या दुकानात माझं काय काम?"

"तुम्ही बांगड्या भरू नगा. पाटी घ्या डोक्यावर."

डोंगराकडच्या वाडीवर लग्नघर होतं. नवरीला आणि घरच्या बायकांना आदल्या दिवशी चुडा भरायचा. वहिनी पुढं, मी पाटी घेऊन मागं. पाटीत दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, थरावर थर. वाडीपर्यंत नीट नेली. लग्नघराची चौकट ठेंगणी. माझं लक्ष खालच्या उंबऱ्याकडं. पाटी वरच्या चौकटीला धडकली आणि धाडकन अंगणात!

"अरारा! फुटल्या की सगळ्या!" मी ओरडलो.

 काचेच्या बांगड्यांना फुटल्या म्हणायचं नसतं, वाढल्या म्हणायचं, हे मला काय माहीत नव्हतं? आईच्या पोटातून माहीत होतं. पण तोंडातून गेलं, आणि तेही नवरीच्या दारात. नवरीच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"वाढल्या म्हणा! वाढल्या!" वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"वाढल्या," मी म्हटलं. उशीर झाला होता.

नवरीची आजी काठी टेकत बाहेर आली. "कुठल्या गावचा हाय ह्यो? माझ्या नातीच्या दारात असलं बोलतोय! शकू, ज्यानं तोंडानं काढलं त्याच्याच हातात पयला चुडा भर. मग आमच्या."

मी वहिनींकडं बघितलं. पैरा. ‘का’ म्हणून विचारायचं नाही.

वरचे थर गेले होते, खालचे शाबूत होते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मापाच्या काढल्या. माझा हात पोती उचलणारा. साबण लावला, तेल लावलं, बोटं चेपली. अंगणभर बायका बसलेल्या. एकीनं गाणंच धरलं! सगळ्यांत जास्त नवरी हसली. तिच्या हसण्यानं आजीचा राग गेला, पण हुकूम राहिला. "उद्या अक्षता पडस्तवर काढायच्या न्हाईत."

पुरुषाच्या हातात बांगड्या म्हणजे काय, ते मी सांगायला नको. वैशाखाच्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून दुसऱ्या दिवशी गिरण सुरू केली. पट्टा ओढला की छुन्न. डबा उचलला की छुन्न. रांगेतल्या बायका कान देऊन ऐकायला लागल्या.

"गिरणवाले, ह्यो कसला आवाज?"

"बेरिंग गेलंय."

समोरून सदूनं हाळी दिली, "बेरिंग हिरवं हाय का रं, दौल्या?"

*

चौघांचे फिटले. सदूचा राहिला.

सदू आणि मी एका वर्गात. चौथीतून दोघंही एकदमच बाहेर पडलो. तो मला दौल्या म्हणायचा, मी त्याला सदू. मी त्याच्या खुर्चीत बसलो की आरशातून बघून विचारायचा, "पैरा फेडायचाय न्हवं?"

"बोलीव की मग."

"बोलवू. घाई काय हाय?"

वर्षं गेली. तुकामामा, हसनभाई तिकटी सोडून गेले. अण्णा वारले, त्यांच्या पोरानं शहरात दुकान टाकलं. शकूवहिनी लेकीकडं गेल्या. सदू बोलवीना. एकदा मी चिडून विचारलं, "का अडवून धरलाईस?"

"सांगू?" वस्तरा पट्ट्यावर घासत तो म्हणाला. "तुझ्यावर माझं कायतरी हाय म्हणून तू मला आधी रामराम घालतोस. एकदा फेडलास की मी घालायचा."

 बोलणं खोटं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

मग स्टँडवर जेन्ट्स पार्लर झालं. पोरं तिकडं गेली. सदूच्या हाताला कंप सुटला. एका पोराचा कान कापला आणि उरलेलं गिऱ्हाईकही गेलं. मी दाढीला गेलो तर त्यानं मला खुर्चीत बसू दिलं नाही. "जा पार्लरात. माझ्या हातनं कापलं तर पैऱ्यात वळतं करून घेशील."

२००५ ची दिवाळी झाली. एक दिवस गिरणीतून बघतो तर सदूच्या दारात टेम्पो. पोरगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, तो आईबापाला न्यायला आला होता. पेटी चढली, बाकडं चढलं, खुर्ची चढली, आरसा गोणपाटात बांधला. सदू गाव सोडून चालला होता आणि त्याचा दिवस माझ्या अंगावर राहणार होता. मेल्यावरसुद्धा.

मी गिरण बंद केली. कुणी न बोलावता त्याच्या दारात गेलो. पैऱ्याची रीत मी मोडली.

"सदू, काम सांग."

"दुकान बंद झालं. कसलं काम?"

"सामान चढवतो."

"ती हमाली. पैरा न्हवं."

"मग काय करू?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला. दाढी वाढली होती, पांढरी. स्वतःच्या हातानं करता येत नव्हती आणि पार्लरची पायरी तो मेला तरी चढला नसता.

"असा जाऊ का पोराच्या दारात?" तो म्हणाला. "खुर्ची उतरव."

दुकानात उजेड नव्हता. खुर्ची मी तिकटीवर मांडली. सदूच्या पोरानं आरसा गोणपाटातून काढून समोर धरला. सदू खुर्चीत बसला. उभा जन्म त्या खुर्चीच्या मागं काढलेला माणूस. मी त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधलं, ब्रश घेतला, फेस केला.

माणसं जमली. पोरं जमली. त्यात आमचा चुलतभाऊ, रामदादा. भावकीतला थोरला.

"दौलू, काय ह्ये? न्हाव्याची दाढी आपल्या घरातल्या माणसानं करायची? भर तिकटीवर? ठेव तो वस्तरा."

माझे कान तापले. खोटं कशाला सांगू, लाज वाटली. चहा देताना वाटली नव्हती, बांगड्यांच्या वेळी वाटली नव्हती, तेवढी वाटली. सदूच्या तोंडाला फेस होता. तो माझ्याकडं बघत नव्हता, दादाकडंही नाही. मी वस्तरा ठेवला असता तर त्यानं फेस पुसला असता आणि टेम्पोत बसला असता. एक शब्द बोलला नसता.

"दादा, बाजूला व्हा," मी म्हटलं. "उजेड अडतोय."

दादा गेला. मी वस्तरा लावला.

"आडवा धर," सदू म्हणाला. "जोंधळा दळायला बसलेला न्हाईस."

हनुवटीला कापलं. पोरं चुकचुकली. तुरटी लावली. पुन्हा कानाजवळ कापलं. फडक्याखाली त्याचे हात थरथरत होते. मान मात्र त्यानं हलवली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, सदूच्या पोरानं त्याला हातानं थांबवलं. ऊन तिकटीवरून उतरून देवळाच्या भिंतीवर गेलं तेव्हा दुसरा गाल झाला.

आरसा मी धरला. सदूनं तोंड इकडं केलं, तिकडं केलं. कुठं साफ, कुठं खुंट, दोन ठिकाणी रक्त.

"इतकी वाईट दाढी आमच्या घराण्यात कुणी केली न्हवती," तो म्हणाला.

मी खुर्ची परत चढवली. सदू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. खिडकीतून हात बाहेर काढला.

"फिटला," म्हणाला.